व्यापारमंत्री : पदाचा इतिहास आणि त्या पदाचे दायित्व

(शिक्षक, पंचायत समिती सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपणापैकी काहींना नवल वाटले असेल. शाळागृहे, पाणीपुरवठा, रस्ते, घरकुले हे आपले नेहमीचे विषय. दिल्लीत बसणाऱ्या व्यापारमंत्र्याचा आपल्या गावाशी संबंध तो काय, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर देण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो.

दिनांक ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्याच आठवड्यात निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याशी माझे बोलणे झाले. तो म्हणाला, "रान माझं, कांदा माझा, ट्रॅक्टरचं भाडं माझं. मग दर दिल्लीत का ठरतो? आणि तिथल्या माणसाला आमचा कांदा ठाऊक तरी आहे का?" या दोन प्रश्नांना माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. आज मी जे बोलणार आहे, तो या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचाच प्रयत्न आहे, असे समजावे.

जुनी परंपरा

व्यापारावर देखरेख ठेवणारा राज्याचा अधिकारी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'पण्याध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. जलमार्गाने व स्थलमार्गाने येणाऱ्या मालाची मागणी किती, भावात अंतर किती, कोणता माल केव्हा साठवावा व केव्हा विकावा, हे त्याने जाणले पाहिजे, अशी अपेक्षा तेथे आहे. नफा मोठा असला तरी तो प्रजेला बाधक होत असेल तर टाळावा, असाही दंडक त्याला घालून दिलेला आहे. व्यापाराचे हित आणि प्रजेचे हित यांचा मेळ घालणे हे या पदाचे मूळ काम होय, हे इतक्या प्राचीन काळी ओळखले गेले होते.

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावे असे आहे. सन १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांताच्या सरसुभेदाराला मिठाच्या जकातीविषयी पत्र पाठविले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वरकडील आपल्या मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही, हे महाराजांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी बारदेशच्या मिठावर जकात इतकी वाढविण्यास सांगितले की, ते स्वराज्यातील मिठापेक्षा स्वस्त पडू नये. आज ज्याला संरक्षक आयात शुल्क म्हणतात, ते हेच. हा निर्णय घेताना परमुलखातील भाव, स्वतःच्या मुलखातील उत्पादन आणि व्यापाऱ्याचा कल या तिन्ही गोष्टींची पक्की माहिती हाताशी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकारांविषयी एक प्रकरण आले. व्यापाऱ्यामुळे राज्यात नसलेली वस्तू येते, प्रसंगी कर्ज उभे राहते, म्हणून त्याला उपद्रव होऊ देऊ नये, असे अमात्य सांगतात. परंतु टोपीकर हे इतर साहुकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांची राज्ये आहेत, त्यांना समुद्रकाठी ठाणी करू देऊ नयेत, असा इशाराही ते देतात. व्यापारास उत्तेजन द्यावे, पण व्यापाराच्या वाटेने सत्ता शिरू देऊ नये, हा त्याचा मथितार्थ. तो इशारा किती खरा होता, हे पुढील शतकाने दाखवून दिले.

परकीय अमदानीत

इंग्लंडमध्ये १६९६ साली व्यापार व वसाहती यांचा विचार करणारे मंडळ स्थापन झाले. 'बोर्ड ऑफ ट्रेड' या नावाने ते ओळखले जाऊ लागले आणि त्याचा अध्यक्ष हाच तेथील व्यापारमंत्री ठरला. ग्लॅडस्टन, चर्चिल आणि हॅरल्ड विल्सन हे तिघे पंतप्रधान होण्यापूर्वी या पदावर होते. व्यापाराचे खाते तेथे किती महत्त्वाचे मानले जाई, ते यावरून दिसते.

हिंदुस्थानात मात्र व्यापाराचे धोरण येथील प्रजेच्या हितासाठी आखले जात नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांचेच उदाहरण घ्या. १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क आकारताना येथील गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसविण्यात आला. हेतू हा की, लँकेशायरच्या मालाला येथे अडचण होऊ नये. हा अन्यायकारक कर रद्द व्हावयास १९२६ साल उजाडावे लागले. व्यापारमंत्री प्रजेला जबाबदार नसला म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

१९०५ साली वाणिज्य व उद्योग असे स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि ते गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळातील एका सभासदाकडे सोपविण्यात आले. पुढे या मंडळात हिंदी सभासद आले, तरी अंतिम सत्ता परक्यांचीच राहिली. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात गांधीजींचे उपोषण सुरू असता, त्यांच्या सुटकेच्या प्रश्नावर मंडळातील तीन सभासदांनी राजीनामे दिले. त्यांपैकी नलिनी रंजन सरकार यांच्याकडे वाणिज्य खाते होते. दुसरे दोघे म्हणजे यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे आणि मुंबईचे सर होमी मोदी.

स्वातंत्र्यानंतर

स्वतंत्र भारताचे पहिले वाणिज्यमंत्री मुंबईचे कुंवरजी होर्मसजी भाभा हे होत. त्यांच्याच कारकिर्दीत, ३० ऑक्टोबर १९४७ रोजी, जिनिव्हा येथे जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करारावर, म्हणजे 'गॅट'वर, २३ देशांनी सह्या केल्या. भारत हा त्या मूळ सदस्यांपैकी एक होता. स्वातंत्र्य मिळून तीन महिनेही झाले नव्हते, फाळणीच्या आगीत देश होरपळत होता आणि तरीही जगाच्या व्यापाराचे नियम ठरत असताना भारताची जागा रिकामी राहिली नाही.

त्याच वर्षी आयात व निर्यात नियंत्रण कायदा झाला. प्रारंभी तीन वर्षांपुरता केलेला हा कायदा मुदतवाढ मिळत मिळत १९९२ पर्यंत टिकला. परकीय चलन तुटपुंजे आणि गरजा अफाट, अशी तेव्हाची स्थिती होती. त्यामुळे व्यापारमंत्री हा मुख्यतः परवाने देणारा मंत्री बनला. १९५६ मध्ये राज्य व्यापार महामंडळ स्थापन झाले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद सोडून मोरारजी देसाई त्याच वर्षी केंद्रात वाणिज्य व उद्योगमंत्री झाले. त्यांच्यानंतर १९५८ ते १९६१ या काळात लालबहादूर शास्त्रींनी हे खाते सांभाळले.

संविधानाने या विषयाची वाटणी कशी केली आहे, तेही येथे सांगितले पाहिजे. सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ४१ व्या नोंदीनुसार परदेशांशी होणारा व्यापार, आयात व निर्यात हा विषय केंद्राचा आहे. ४२ व्या नोंदीनुसार राज्याराज्यांतील व्यापारही केंद्राकडे आहे. राज्यांतर्गत व्यापार हा राज्यसूचीच्या २६ व्या नोंदीत येतो, तर बाजार व जत्रा २८ व्या नोंदीत. म्हणजे बाजार समितीच्या आवारातील व्यवहार राज्याच्या कायद्याखाली चालतो. तोच माल बंदराच्या फाटकाबाहेर जाऊ लागला की केंद्राचा कायदा लागू होतो. निफाडच्या शेतकऱ्याच्या पहिल्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर झाले. त्याचा कांदा आवारात राज्याच्या नियमाने विकला जातो, परंतु त्याला परदेशी गिऱ्हाईक मिळेल की नाही, हे दिल्लीत ठरते.

एका मंत्र्याच्या हाती दोन पारडी

१९७७ साली केंद्रात सत्तांतर झाले आणि महाड तालुक्यात जन्मलेले, पुण्याचे खासदार मोहन धारिया यांच्याकडे वाणिज्याबरोबरच नागरी पुरवठा व सहकार ही खाती आली. ही रचना विचार करण्याजोगी आहे. निर्यातीला चालना देणारा आणि देशातील ग्राहकाला रास्त भावात धान्य, तेल, कापड पुरविणारा मंत्री एकच. एका पारड्यात उत्पादक, दुसऱ्यात ग्राहक आणि तराजूची दांडी त्याच्याच हाती. सार्वजनिक वितरणाची देशव्यापी योजना १ जुलै १९७९ पासून सुरू झाली, तिच्यामागे धारियांचा आग्रह होता.

याच काळात वाणिज्य सचिव डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी १९७८ मध्ये आपला अहवाल दिला. आयात-निर्यातीची पद्धत सोपी करावी, निर्बंध ज्या वस्तूंवर आवश्यक असतील तेवढ्यावरच ठेवावेत आणि नियंत्रणापेक्षा विकासावर भर द्यावा, असा तिचा सूर होता. हेच डॉ. अलेक्झांडर पुढे १९९३ ते २००२ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९९१ च्या सुधारणांची चर्चा करताना त्याआधी तेरा वर्षे पडलेले हे पाऊल विसरून चालणार नाही.

केंद्रीय वाणिज्य खात्याशी महाराष्ट्राचा संबंध पुढेही राहिला. लातूरचे शिवराज पाटील यांनी १९८२-८३ मध्ये राज्यमंत्री म्हणून हे खाते स्वतंत्रपणे सांभाळले. २०१७ ते २०१९ या काळात कोकणचे सुरेश प्रभू वाणिज्यमंत्री होते आणि डिसेंबर २०१८ मध्ये देशाचे कृषी निर्यात धोरण मंजूर झाले. २०१९ मध्ये मुंबईचे पीयूष गोयल या पदावर आले. २०२० ते २०२४ या काळात ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण हे खातेही त्यांच्याचकडे होते. म्हणजे धारियांच्या वेळची दोन पारडी पुन्हा एकदा एकाच हाती आली आणि कांद्याच्या निर्यातबंदीचा प्रसंग त्याच काळात उद्भवला.

परवान्याकडून वाटाघाटीकडे

जुलै १९९१ मध्ये पी. चिदंबरम् वाणिज्य राज्यमंत्री असताना व्यापार धोरणात मोठे फेरबदल झाले. १९९२ मध्ये जुना नियंत्रण कायदा जाऊन विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम आला. नावातच फरक पाहा. 'नियंत्रणा'च्या जागी 'विकास' हा शब्द आला. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी भारतातर्फे करारावर सही केली आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा अखेरचा मोठा गट, ७१५ वस्तूंचा, उठविण्यात आला.

तेव्हापासून व्यापारमंत्र्याच्या कामाचे स्वरूप पालटले. त्याची खरी परीक्षा आता परदेशातील वाटाघाटींच्या मेजावर होऊ लागली. २००१ मध्ये दोहा येथे मुरासोली मारन यांनी विकसनशील देशांची बाजू निर्धाराने मांडली. २००८ मध्ये जिनिव्हा येथे, आयातीचा लोंढा आल्यास लहान शेतकऱ्याला संरक्षण देण्याच्या तरतुदीवरून बोलणी फिसकटली. तेव्हा कमलनाथ वाणिज्यमंत्री होते. २०१३ मध्ये बाली येथे सार्वजनिक धान्यसाठ्याचा प्रश्न आनंद शर्मा यांनी लावून धरला. आपल्या गावातील रास्त भाव दुकानाचा विषय इंडोनेशियातील एका परिषदेत चर्चिला गेला, हे आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

अधिकार किती, मर्यादा किती

व्यापारमंत्री सर्व काही करू शकतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. निर्यातबंदी घालणे वा उठविणे, किमान निर्यात मूल्य ठरविणे याच्या अधिसूचना वाणिज्य मंत्रालयातील विदेश व्यापार महासंचालनालय काढते. निर्यात शुल्क किंवा आयात शुल्क लावणे हे मात्र अर्थ मंत्रालयाचे काम. परदेशी माल पडेल भावाने येत असल्याची चौकशी वाणिज्य खाते करते, पण त्यावरील शुल्क अर्थ खाते लावते. राखीव साठ्यासाठी कांदा खरेदी करणे हे ग्राहक व्यवहार खात्याकडे येते. पिकाचे अंदाज कृषी खाते देते. यांतील एकाचीही माहिती अपुरी असली तर निर्णय चुकण्याचा संभव असतो.

कांद्याचा क्रमच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले. डिसेंबरमध्ये बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्के झाले. १ एप्रिल २०२५ पासून तेही संपुष्टात आले. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलले.

शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. २०२३ चा पाऊस अपुरा व लहरी होता, खरिपाचा कांदा लांबला, शहरांत किरकोळ भाव चढले. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या ताटातून कांदा जाऊ नये, ही चिंता खोटी नव्हती. पण शेतकऱ्याची अडचणही तितकीच खरी होती. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. डिसेंबरात येणारा लाल कांदा साठवून ठेवता येत नाही. तो काढला की विकावाच लागतो. बंदी नेमकी त्याच मालावर आली. शिवाय बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखाती देश ही आपली जुनी गिऱ्हाइके. आपले दार बंद झाले की ती पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळतात आणि परत येतीलच याची हमी नसते. परदेशी बाजारपेठ मिळवावयास वर्षे लागतात, ती गमवावयास एक अधिसूचना पुरते. म्हणून माझे नम्र मत असे की, निर्बंध अटळच असेल तर तो अगाऊ कळविलेला, अल्पकाळाचा आणि पिकाचा प्रकार पाहून घातलेला असावा. दोन्ही पारड्यांना न्याय देण्याचा मार्ग मला तरी दुसरा दिसत नाही.

दार उघडण्याचे काम

हे पद केवळ दार बंद करणारे नाही. अमेरिकेची बाजारपेठ आपल्या आंब्याला १९८९ पासून बंद होती. दीर्घ वाटाघाटींनंतर, लासलगाव येथील विकिरण केंद्रात प्रक्रिया केलेला हापूस एप्रिल २००७ मध्ये तेथे पोहोचला. कांद्यासाठी उभारलेले केंद्र आंब्याच्या कामी आले. उलट २०१४ मध्ये फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली. उपाययोजना झाल्यावर ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. २०१० मध्ये एका संजीवकाचा अंश सापडल्याने युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली व बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. आज निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवावी लागते, मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि परदेशातील पेटीवरून मूळ बाग शोधता येते. मंत्र्याने कितीही कौशल्याने वाटाघाटी केल्या, तरी उघडलेले दार उघडे ठेवण्याचे काम बांधावरच्या त्या वहीतच होते.

आपले काम

आता निफाडच्या त्या शेतकऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. दिल्लीतल्या माणसाला आमचा कांदा ठाऊक आहे का? मित्रहो, तो ठाऊक करून देण्याचा रस्ता गावातूनच जातो. ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करू शकतो. ही नोंद वेळेवर व खरी झाली, तर लागवड किती, लाल किती, उन्हाळ किती, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही. ती राहून गेली, तर दिल्लीतील निर्णय ऐकीव आकड्यांवर होतात आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो.

म्हणून तीन गोष्टी आपण कराव्यात, अशी माझी विनंती आहे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत पीक नोंदणीचा विषय हंगामाच्या सुरुवातीलाच घ्यावा. विस्तार अधिकाऱ्यांनी निर्यातीविषयीची प्रत्येक अधिसूचना सोप्या मराठीत त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आणि शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलामुलींना मोबाईलवर ही नोंद करण्यास शिकवावे. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांचा हात लागेल.

१६७१ साली महाराजांना बारदेशच्या मिठाचा भाव माहीत होता आणि संगमेश्वरच्या मिठागरांची स्थितीही माहीत होती. म्हणून तो निर्णय नेमका ठरला. साधने बदलली, मंत्र्यांची नावे बदलली, तरी या पदाचा पाया तोच आहे. माहिती खरी असेल तर तराजू सरळ राहतो. ती खरी माहिती पुरविण्याचा वाटा आपला आहे.